डबल बेल

क्लेमेंटीत राहणाऱ्या माणसाला गाडी लागत नाही. घराखाली उतरले की बाजार, चार पावलांवर एमआरटी, मॉलला लागूनच बसचे इंटरचेंज. शिवाय सिंगापुरात गाडी घ्यायची म्हणजे आधी सीओई घ्यायचे, म्हणजे दहा वर्षे गाडी बाळगण्याची नुसती परवानगी. २०२३ साली लहान गाड्यांच्या सीओईनेही लाख डॉलरचा आकडा ओलांडला. त्यामुळे 'आम्हाला गाडीची गरजच वाटत नाही' असे आपल्यापैकी बरेच जण तत्त्व म्हणून सांगतात. मीही सांगते. माझ्या बाबतीत त्याला आणखी एक कारण होते. मला गाडीची भीती वाटायची.

माझे बाबा एसटीत ड्रायव्हर होते. सावंतवाडी डेपोत एकतीस वर्षे. आंबोली घाटातून कोल्हापूर, बेळगाव हे त्यांचे नेहमीचे रस्ते. भावाने जुनी मारुती घेतली, तेव्हा बाबांनी त्याला आठ दिवसांत गाडी शिकवली. मी कॉलेजातून सुट्टीला आले होते. "मलाही शिकवा," म्हटले, तर म्हणाले, "तुका कित्याक होयी गाडी?" रागाने नव्हे, अगदी सहज म्हणाले. त्यांच्या डेपोत तेव्हा एकही बाई ड्रायव्हर नव्हती, त्यांना खरेच प्रश्न पडला असावा. मी पुन्हा विचारले नाही. वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, इथे सिंगापुरात, दोनदा नापास होऊन परवाना काढला. तोही क्लास ३ए, म्हणजे फक्त ऑटोमॅटिक गाडीचा. मग तो पाकिटात ठेवून दिला.

मागच्या वर्षी आई गेली. बाबांना आम्ही काही महिन्यांसाठी क्लेमेंटीला आणले. अकराव्या मजल्यावरच्या कॉरिडॉरमध्ये खुर्ची टाकून ते तासन् तास खालच्या बस बघत बसायचे. इथे बसच्या ड्रायव्हरला 'बस कॅप्टन' म्हणतात हे कळल्यावर त्यांना फार बरे वाटले. कंडक्टर नसतो याचे मात्र वाईट वाटले. "मग बेल कोण देता?" त्यांनी विचारले. एसटीत सगळा कारभार त्या दोरीच्या बेलवर. एक बेल म्हणजे थांबा, दोन म्हणजे निघा. "येक बेल थांबाक, डबल बेल सुटाक. ड्रायव्हरान मागे बघूचा नसता," असे ते चिरंजीवांना समजावून सांगत.

जूनच्या शाळेच्या सुट्टीत कुठेतरी जायचे होते. नवऱ्याला रजा मिळेना, तेव्हा मी, बाबा आणि चौदा वर्षांचे चिरंजीव असे तिघेच निघणार होतो. बाबांचे गुडघे दुखतात, म्हणजे बसने हिंडणे कठीण. गाडी घ्यावी लागणार आणि चालवणारी मी एकटी. उजव्या बाजूने गाडी चालवायची कल्पनासुद्धा मला सहन होईना. नकाशा धुंडाळताना लक्षात आले की भूमध्य समुद्रात डाव्या बाजूने गाड्या चालणारी दोनच बेटे आहेत, माल्टा आणि सायप्रस. दोन्हीकडे इंग्रजांचे राज्य होते, त्याची ही खूण. त्यातला माल्टा लहान. गोझोसकट सगळा देश ३१६ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सिंगापूरच्या निम्म्याहून कमी. हरवून हरवून किती हरवणार! बाबांचा शेंगेन व्हिसा काढला, मी ऑटोमोबाइल असोसिएशनमधून आयडीपी, म्हणजे आंतरराष्ट्रीय परवाना काढला आणि इस्तंबूलमार्गे आम्ही माल्टाला पोहोचलो.

विमानतळ लुआ नावाच्या गावाशी आहे. नावात 'क्यू' लिहितात, पण त्याचा उच्चार घशात अडकवून सोडून देतात. आगमन कक्षातच गाड्यांच्या कंपन्यांची काउंटरे एका रांगेत आहेत. मी छापलेली पावती, पासपोर्ट, परवाना, आयडीपी आणि क्रेडिट कार्ड असे सगळे ओळीने मांडले. काउंटरवरच्या मुलीने ते पाहिले आणि हसून सांगितले की आज ऑटोमॅटिक गाडी नाही, परत येणारी गाडी आलीच नाही. गिअरची गाडी आत्ता लगेच देते, तीही वरच्या वर्गातली, त्याच पैशात.

मी म्हटले, माझा परवाना गिअरच्या गाडीचा नाही.

ती म्हणाली, बरोबर दुसरे कोणी?

आणि बाबांनी शर्टाच्या खिशातून आपला परवाना काढला. प्लॅस्टिकच्या पाकिटात नीट ठेवलेला, नूतनीकरण केलेला. तो ते सावंतवाडीहून खिशात घालून आले आहेत हे मला माहीतच नव्हते. तिने तो दोन्ही हातांनी घेतला, जन्मतारीख बघितली आणि बाबांकडे न बघता मला हळू आवाजात सांगितले की त्यांच्या कंपनीत सत्तरीच्या पुढच्या माणसाला गाडी देत नाहीत. बाबा चौऱ्याहत्तरचे. इंग्रजी सगळे कळले नाही तरी तिचा चेहरा त्यांना कळला. त्यांनी परवाना परत घेतला, पाकिटात सरकवला, खिशात ठेवला आणि वरचे बटण लावले.

सव्वादोन तास आम्ही बाकावर बसलो. चिरंजीवांनी मोबाइलमध्ये डोके घातले. मी मनातल्या मनात टॅक्सीचा हिशेब करत होते. बाबा म्हणाले, "गाडी येतली. डेपोत असाच असता." आणि गाडी आली. पांढरी, लहान, ऑटोमॅटिक.

मग सह्या. ज्यांना असा प्रवास करायचा आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. गाडी ज्याच्या नावावर, क्रेडिट कार्डही त्याच्याच नावाचे लागते. डेबिट कार्ड बरेचदा घेत नाहीत. अनामत म्हणून मोठी रक्कम कार्डावर अडकवतात. विमा असतो, पण नुकसान झाले तर पहिले अमुक इतके युरो आपल्या खिशातले, आणि ते माफ व्हावेत म्हणून रोजचे वेगळे पैसे. युरोपात ऑटोमॅटिक गाडी आधी सांगून ठेवावी लागते, नाहीतर गिअरचीच मिळते. सांगून ठेवूनही काय होते ते वर लिहिलेच आहे. मी तो जादा विमा घेतला नाही. सिंगापुरातल्या बाईला बचतीची सवय, दुसरे काय!

गाडी ताब्यात घ्यायचे काम बाबांनी केले. गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, चारही टायर पायाने दाबून पाहिले, दिवे लावायला लावले. प्रत्येक ओरखड्याचा फोटो त्यांनी चिरंजीवांना काढायला लावला. डिकी उघडून त्यांनी स्टेपनी शोधली. ती नव्हतीच, पंक्चरसाठी एक डबी आणि छोटा पंप होता. "स्टेपनीशिवाय गाडी डेपोतून भायर काढूची नाय," ते म्हणाले. पण बसले. पुढे, डाव्या बाजूला. तेव्हा माझ्या लक्षात आले की मी त्यांच्या शेजारी बसून गाडीतून कधी गेलेच नव्हते. लहानपणी त्यांच्या एसटीत मी आणि आई मागे बसायचो, ड्रायव्हरच्या केबिनची जाळी मध्ये असायची.

विमानतळाबाहेर पडल्या पडल्या एक मोठा गोल चौक लागतो. उजवीकडून येणाऱ्यांना आधी जाऊ द्यायचे, हा नियम आपल्यासारखाच. पण येणारे संपतच नव्हते. मी थांबले ते थांबलेच. मागच्याने हॉर्न दिला. हात घामाने ओले झाले. तेवढ्यात डॅशबोर्डवर आवाज आला. टक टक. बाबांनी बोटाच्या पेराने दोनदा वाजवले होते. त्यांची नजर समोर, रस्त्यावर. मी ब्रेक सोडला आणि निघाले.

पुढचे पाच दिवस आमची हीच पद्धत राहिली. एक टकटक म्हणजे थांब, दोन म्हणजे नीघ. बोलणे नाही. ड्रायव्हरशी बोलू नये, अशी पाटी त्यांच्या डोक्यात एकतीस वर्षे लागलेली होती.

विमानतळापासून पंधरा-वीस मिनिटांवर, समुद्राच्या कड्यावर 'हाजार ईम' नावाची दगडी मंदिरे आहेत. इसवी सनापूर्वी साधारण ३६०० ते ३२०० या काळातली, म्हणजे इजिप्तच्या पिरॅमिडांपेक्षा जुनी. ऊनवाऱ्याने दगड झिजतो म्हणून आता त्यांच्यावर मोठे पांढरे छत घातले आहे. चिरंजीव हुरळून गेले. बाबा मात्र मंदिरापेक्षा दगडाकडे बघत होते. तिथला चुनखडक मधाच्या रंगाचा. खाणीतून काढताना मऊ, करवतीने कापता येतो. हवा लागली की वरून टणक होतो. "मगे हो चिरोच!" बाबा म्हणाले. खरेच, आपला कोकणातला जांभा असाच. खाणीत मऊ, घराला लागला की घट्ट. तिथून पुढे बाबांचे माल्टाशी जमले. शेतांच्या कडेने मातीचुन्याशिवाय नुसते दगडावर दगड रचून केलेल्या कमरेएवढ्या भिंती, त्यांच्यावर निवडुंग. "हे आपले गडगे!" प्रत्येक वळणावर त्यांना एक ओळखीची गोष्ट भेटत होती.

मला भेटत होते शब्द. माल्टी भाषेचे मूळ अरबी, लिपी मात्र रोमन. पुस्तकाला ते 'क्तीब' म्हणतात, जगाला 'दिन्या', काळाला 'झ्मीन'. आपली किताब, दुनिया आणि जमाना हेही त्याच अरबी मुळाचे, फक्त आपल्याकडे फारसीच्या वाटेने आलेले. निरोप घेताना 'साह्हा' म्हणतात, म्हणजे सेहत, तब्येत बरी राहो. रविवारी ज्या गावी मासळीचा बाजार भरतो आणि होड्यांच्या नाळीवर दोन डोळे रंगवलेले असतात, त्याचे नाव मार्साश्लोक. 'एक्स'चा उच्चार 'श' करतात, त्यामुळे आपल्या कानाला तो श्लोकच वाटतो. बाबांनी तिथे लामपुका मासा नाही म्हणून कोळ्याशी हातवाऱ्यांनी चर्चा केली. त्याचा हंगाम पावसाळ्यानंतरचा, असे त्या कोळ्याने बोटांवर महिने मोजून दाखवले. दोघांना एकमेकांचे सगळे कळले.

मोस्ताच्या चर्चमध्ये एका बॉम्बची गोष्ट सांगतात. ९ एप्रिल १९४२ ला तो भल्यामोठ्या घुमटातून आत पडला. आत सुमारे तीनशे माणसे होती, पण तो फुटला नाही. त्या आधी, १५ फेब्रुवारीला सिंगापूर पडले होते. दोन्ही इंग्रजांची किल्ल्यासारखी बेटे, दोन्हींना पाण्याची चिंता. बरोबर दोन महिन्यांनी, १५ एप्रिलला, माल्टाला जॉर्ज क्रॉस मिळाला. तो आजही त्यांच्या झेंड्यावर आहे. क्रांजीचे युद्धस्मारक पाहिलेल्या आपल्या मुलांना ही गोष्ट सांगण्यासारखी आहे. आणखी एक सांगण्यासारखी गोष्ट आहे. १८७८ साली रशियाशी पेच पडला, तेव्हा इंग्रजांनी सुमारे सात हजार हिंदी सैनिक जहाजांतून मुंबईहून माल्टाला आणले होते. त्यांत मुंबई इलाख्याच्या पलटणीही होत्या. बाबांना हे सांगितले तेव्हा म्हणाले, "म्हणजे आपण पयले न्हय."

तिसऱ्या दिवशी डिंगलीच्या कड्यांकडे जाताना मोबाइलने आम्हाला एका आडवाटेवर घातले. दोन्ही बाजूंना गडगे, मध्ये एका गाडीपुरती वाट. समोरून भाजीचा टेम्पो आला. टेम्पोवाला म्हातारा, हाताने 'मागे घे' म्हणत होता. मागे निदान साठ-सत्तर मीटर वळणाची वाट. मी गाडी मागे घेण्यात दोनदा नापास झालेली बाई. म्हटले, "बाबा, मला जमणार नाही." त्यांनी दार उघडले, अंग चोरत उतरले आणि गाडीच्या मागे जाऊन उभे राहिले. आरशात मला त्यांचा हात दिसत होता. "येऊ दे... येऊ दे... उजवीक मार... येऊ दे..." घाटात एसटी मागे घेताना कंडक्टर जसा ओरडतो, तसेच. गुडघ्याचे दुखणे विसरून ते पाठमोरे चालत होते. एकदा कर्र असा आवाज आला. मी थिजले. पत्र्यावर टक टक. मी पुन्हा सुरू केले. शेवटी वाट रुंद झाली तिथे पत्र्यावर एकदाच वाजले. टेम्पोवाला जाताना थांबला, काच खाली करून बाबांना हात जोडल्यासारखे केले आणि दोन टोमॅटो देऊन गेला.

डाव्या आरशाच्या पाठीवर बोटभर लांब ओरखडा होता.

डिंगलीच्या कड्याजवळ देशातले सर्वांत उंच ठिकाण आहे, २५३ मीटर. आंबोली ६९० मीटरच्या आसपास. "ह्यो घाट नाय, ह्यो चढ," बाबा म्हणाले. मी त्यांना बुकित तिमा किती ते सांगितले नाही.

चौथ्या दिवशी गोझोला गेलो. चिर्केव्वाच्या धक्क्यावर गाड्यांची रांग, मग उतारावरून थेट बोटीच्या पोटात. दाभोळ-धोपाव्याची फेरीबोट ज्यांनी पाहिली आहे त्यांना कल्पना येईल, फक्त ही बरीच मोठी. पंचवीस मिनिटांचा प्रवास. जाताना तिकीट कोणी विचारत नाही, पैसे परतताना गोझोच्या बाजूला घेतात. बाबांना हे फार आवडले. "खय जातली माणसा? परत येवचाच लागता."

वरच्या डेकवर वारा होता. चिरंजीव फोटो काढायला गेले. बाबा कठड्याला धरून उभे होते. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग पाण्याकडे बघतच म्हणाले, "तुझ्या भावाक शिकवलंय. तुका नाय शिकवलंय."

मला काय बोलावे सुचेना. चोवीस-पंचवीस वर्षे मी ते वाक्य मनात कुठेतरी ठेवून दिले होते आणि मला वाटत होते की ते फक्त मलाच आठवते. मी म्हटले, "आता शिकवताय की."

"आता कसला! आता फक्त बेल देतंय."

तेवढ्यात बोटीचा भोंगा वाजला आणि गाडीकडे जायची घोषणा झाली. त्यावर पुढे बोलणे झाले नाही. आमच्या घरात एवढे म्हणजे खूप झाले.

गोझोत शारा गावी जगांतियाची मंदिरे पाहिली. द्वेयराला गेलो. तिथली प्रसिद्ध दगडी कमान ८ मार्च २०१७ च्या वादळात कोसळली, आता तिथे नुसता समुद्र आहे. तरी माणसे जागा बघायला येतात. आम्हीही बघितली. बाबा आईबद्दल बोलले नाहीत, पण परत निघताना मागच्या सीटवर ठेवलेली पाण्याची बाटली त्यांनी हात मागे करून नीट उभी केली. आई प्रवासात असेच करायची.

शेवटच्या दिवशी टाकी भरून गाडी परत केली. काउंटरवर या वेळी एक मुलगा होता. तो गाडीभोवती फिरायच्या आत मी त्याला आरसा दाखवला. चिरंजीव माझ्याकडे बघतच राहिले. त्याला दिसला नसता तर, असा त्यांचा चेहरा. आधीचे फोटो होतेच, हा ओरखडा आमचाच होता. त्याने लिहून घेतले, अनामतीतून काही युरो कापले. मी मनातून चुकचुकले, जादा विमा घेतला असता तर, वगैरे. बाबांनी मात्र मान हलवली. "डेपोत गाडी लावताना आपणच लिवन देवचा असता. दुसऱ्यान दाखवला तर कामगिरी खराब." मग थोडे थांबून, "येवढ्या गडग्यांत येकच ओरखडो. बरा हा."

एसटीच्या भाषेत ही शाबासकी आहे, हे मला माहीत आहे.

बाबा आता सावंतवाडीला परतले आहेत. रोज संध्याकाळी फोन करतात, क्लेमेंटीच्या बसची चौकशी करतात. मी महिन्यातून दोनदा तासांच्या बोलीवर गाडी घेते आणि चिरंजीवांना घेऊन वेस्ट कोस्टच्या बाजूला किंवा क्रांजीपर्यंत जाऊन येते. चौकात थांबले की हात अजून ओले होतात. शेजारची सीट गप्प असते. मग मी स्वतःच स्टिअरिंगवर बोट दोनदा वाजवते.

या दिवाळीला आम्ही घरी जात आहोत. २०२३ पासून मोप्याचा विमानतळ सुरू झाल्यामुळे सावंतवाडी आता जवळ आली आहे. भाऊ म्हणाला, न्यायला येतो. मी नको म्हटले. विमानतळावर गाडी ठरवली आहे, ऑटोमॅटिक, दोनदा फोन करून खात्री केलेली. आयडीपीची मुदत अजून आहे. बाबांना कळवले, तर पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "मोप्याक मी येतंय."

"कशाला बाबा? मी आणते ना गाडी."

"तू हाड गाडी," ते म्हणाले. "बेल कोण देतलो?"